वाफेच्या जहाजावरून घरी

आमचे हे सुटीवर असले की घरात कुकरची शिट्टी होत नसे. अख्ख्या पिंपळवंडीत शिट्टी होऊ न देणारं घर आमचंच असावं. मी डाळ चढवून अंगणात कांद्याची पात निवडायला बसले की हे कुठून तरी यायचे, गॅसपाशी उभे राहायचे, कान तिरका करायचे आणि आता शिट्टी उचलणार तेवढ्यात गॅस बारीक करून टाकायचे. मग डाळ अर्धकच्ची. मी बोलले की म्हणायचे, "शिट्टी झाली म्हंजे सेफ्टी उडाली. सेफ्टी उडाली म्हंजे बॉयलरवाल्याची चूक." मी म्हणायचे, "तुमच्या बॉयलरात तूरडाळ नसती." ते हसायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

हे तेलाच्या जहाजावर इंजिनियर होते. लग्न ठरलं तेव्हा माझ्या माहेरी ओतूरला शेजारणीनं विचारलं होतं, तेल म्हणजे गोडं तेल की घासलेट? मलाही नीट माहीत नव्हतं. जमिनीतून निघालेलं काळं कच्चं तेल आखातातून भरायचं आणि आफ्रिकेला वळसा घालून लांबच्या देशांत नेऊन ओतायचं, असं ते काम. जहाज एवढं मोठं की भरलेलं असताना जवळच्या कालव्यातून जाऊच शकत नसे, म्हणून तो वळसा. आणि ते चालायचं वाफेवर. अशी अगडबंब जहाजं पहिल्यांदा बांधली तेव्हा त्यांना वाफेचीच टर्बाइनं बसवली होती. पुढं तेल महागलं, डिझेलची मोठी इंजिनं निघाली, आणि ही जहाजं मालकांना परवडेनाशी झाली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ह्यांचं जहाज मध्ये काही वर्षं कुठल्याशा थंड खाडीत नुसतं बांधून ठेवलं होतं. मग पुन्हा मालाची गरज निघाली तशी त्याची चूल पेटवली, आणि त्या दुसऱ्या खेपेला हे त्यावर चढले ते शेवटपर्यंत उतरले नाहीत.

उतरले नाहीत म्हणजे सुटीला यायचे. पण ते येणं पाहुण्यासारखं. आले की गावभर कौतुक, कोंबडं कापायचं, नणंदा यायच्या, आणि घडी बसते न बसते तोवर बॅग भरायची वेळ. दर वेळी आळेफाट्याला एसटीत बसवताना मी एकच म्हणायचे, "आता बास. आता घरी ऱ्हावा." मला दुसरं काही नको होतं, खरंच नको होतं. पण आम्ही दोघं एका छपराखाली सलग नांदू शकतो का, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

सुटीतही त्यांच्या पायात भिंगरी. जहाजावर चार तास ड्युटी, आठ तास सुटी, पुन्हा चार तास, असं अंगात भिनलेलं. त्यामुळं पहाटे चारला जाग, आणि दुपारी चार वाजले की चहा अर्धा टाकून राउंडला निघायचे. राउंड म्हणजे आमच्या विहिरीवरची मोटर, मग शेजारच्याची, मग कालव्याकडेच्या पाच-सहा मळ्यांतल्या. चालत्या मोटरीला उलटा हात लावून बेअरिंग तापलंय का बघायचे. शेजारचा मळेकरी हात जोडून विचारायचा, "डॉक्टरसाहेब, बरी हाय ना पेशंटची तब्येत?" हे गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "ताप हाय थोडा. ग्रीस भर."

एकदा मी त्यांच्याबरोबर जहाजावर गेले होते. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. अधिकाऱ्यांच्या बायकांना कंपनी परवानगी द्यायची. मुलगी लहान होती, तिला ओतूरला माझ्या आईकडं ठेवली. तिला ठेवताना जीव तुटला, पण म्हटलं, हा माणूस कुठं राहतो ते एकदा डोळ्यांनी बघू तरी. साडी नेसून दोरीची शिडी चढता येत नाही म्हणून आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला. लाँचमधून मान वर केली तर नुसती गंजकी लोखंडी भिंत, वर आभाळापर्यंत. मी शिडीवर अर्ध्यात थांबले आणि खाली बघून म्हटलं, "मी न्हाई येत." खालून हे ओरडले, "आता खाली यायला मी जागा द्यायला पायजे ना!" अशी मी त्या जहाजावर चढले.

मला वाटलं होतं, एवढं इंजिन म्हणजे कानठळ्या बसतील. तर तिथं खोलीत आवाजच नाही. डिझेलचं जहाज म्हणे सारखं थरथरतं, ह्यांच्या जहाजात कपातल्या चहावर साधी लहर उठत नसे. डेकवर माणसं सायकलवरून कामाला जायची. आणि तो सगळा अवाढव्य पसारा बैलगाडीच्या चालीनं चालायचा. टर्बाइनं फार तेल पितात म्हणून कंपनीचा हुकूम होता, घाई करायची नाही. त्यातून माल भरायची ऑर्डर नसली की आखाताबाहेर नांगर टाकून पडून राहायचं. दोन-दोन आठवडे समोर तोच पिवळट किनारा. खानसामा त्याच त्या फ्रोझन कोंबडीचं कालवण करायचा. माणसं जेवणाच्या टेबलावर एकमेकांना विचारायची, ऑर्डर आली का, आणि एकमेकांवर विनाकारण खेकसायची. मला तर भिंती खायला उठायच्या. मुलगी काय करत असेल, हा एकच विचार.

ह्यांना मात्र तिथं बघावं. घरी जो माणूस एका जागी बूड टेकत नव्हता तो इंजिनच्या कंट्रोल रूममध्ये तासन्‌तास शांत उभा. एकदा मला खाली नेलं. आग ओकणारी उष्णता, डोक्याला रुमाल बांधलेली माणसं घामानं निथळत होती. एकजण लांब झाडू हातात धरून, त्याचा दांडा पुढं करत, पाऊल पाऊल चालला होता. मला वाटलं जळमटं काढतोय. हे म्हणाले, "वाफ गळतीय कुठंतरी. ही वाफ दिसत न्हाई. हात गेला तर हात कापंल. म्हून दांडा म्होरं." मी तिथंच त्यांचं मनगट धरलं. घरी ज्याला मी शिट्टीवरून इतकं बोलले, तो माणूस न दिसणाऱ्या वाफेत उभा राहून पोट भरत होता. मला भीती वाटली आणि अभिमानही वाटला. दोन्ही एकदम.

माझंही हसं झालं तिथं. नुसतं बसून काय करायचं, म्हणून खानसाम्याकडून तांदळाचं पीठ घेतलं, पापड्या केल्या, आणि मागच्या वरच्या डेकवर चादर अंथरून वाळत घातल्या. असं कडकडीत ऊन, वारा, कावळे नाहीत, कुत्री नाहीत. मी खूश. तासाभरानं बघते तर चादरीवर काळी रांगोळी. बॉयलरची काजळी वाफेनं झटकून धुराड्यातून बाहेर काढतात, ते काम रोज ठरल्या वेळी असतं, आणि ते काम होतं आमच्या ह्यांच्याच पाळीत. मी काळ्या पापड्यांचं ताट घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिले. ते म्हणाले, "इचारायचंस तरी." सगळं जहाज हसलं. खानसाम्यानं त्यातल्या दोन धुऊन, तळून खाऊन दाखवल्या.

बंदरात माल ओततानाची एक गोष्ट लक्षात राहिली. जहाज थांबलेलं, तरी हे सारखे खाली पळायचे. मी म्हटलं, इंजिन तर बंद आहे ना? तर म्हणाले, "तापलेलं टर्बाइन बंद नसतं करायचं. तसंच सोडलं तर आतला दांडा वाकतो. कामाचा जातो. थंड होस्तवर त्याला हळूहळू फिरवत ठेवायला लागतंय." तास गेले, बारकी दातेरी चाकं लावून ते धूड आपल्याच जागी मुंगीच्या चालीनं फिरत होतं. मला काही ते विशेष वाटलं नाही. माझा डोळा परतीच्या तिकिटावर होता.

परत आले तेव्हा मुलगी माझ्या आईच्या पदरामागं लपली. दोन दिवस माझ्याकडं आली नाही. मी तेव्हाच ठरवलं, पुन्हा म्हणून त्या शिडीवर पाय ठेवायचा नाही. हे जातील तर जातील, मी ह्या दारातून हलणार नाही. आणि नाहीच हलले. घर, मुलगी, मळ्यातला कांदा-ऊस, बँकेत जाणं, मोटर जळाली तर नारायणगावाहून वायरमन आणणं, बिबट्याच्या भीतीनं गोठ्याला जाळी बसवून घेणं, सगळं मी केलं. लोक म्हणायचे, बाई खमकी आहे. खमकी व्हायला लागते. काय करता?

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला ह्यांचे फोन बदलायला लागले. आधी फोनवर म्हणायचे, पाऊस हाय का, पोरगी अभ्यास करती का. आता म्हणायचे, "आमच्या बरोबरचं ते जहाज गेलं भंगारात." पुढच्या फोनला आणखी एक गेलेलं. तेलाच्या जहाजाला दुहेरी पत्रा हवा असे नियम येऊ घातले होते, आणि ही सगळी जुनी एकेरी पत्र्याची, वर वाफेवर चालणारी. ती दुरुस्त करून ठेवण्यात कुणाला रस नव्हता. स्पेअर पार्ट मागितला की कंपनी म्हणायची, भागवा. हे भंगारात गेलेल्या जहाजाचे व्हॉल्व्ह आणून आपल्यात बसवायचे. काही महिने तर जहाज नुसतं टाकीसारखं एका बंदराबाहेर उभं ठेवलं होतं. भरायचं, रिकामं करायचं, पण जायचं कुठंच नाही. "बसून बसून अंगाला मुंग्या येतात," असं फोनवर म्हणाले. मी मनात म्हटलं, मला विचारा.

मग एक दिवस त्यांचंही जहाज गुजरातच्या किनाऱ्याला न्यायचं ठरलं. जहाज तोडायचं तर ते भरतीच्या वेळी जोरात किनाऱ्यावर चढवावं लागतं. हे घरी आल्यावर चार-पाच दिवस नुसते मळ्यांतल्या मोटरी तपासत फिरले. मग एका दुपारी ओट्यावर बसून आपणहून सांगायला लागले. "इतकी वर्सं एक बॉयलर, निम्मी चाल. त्या दिशी वरून कॅप्टननं सांगितलं, हाय तेवढं सगळं द्या. दोन्ही बॉयलर पूर्ण पेटवलं. काय पळाली गं ती! नवी व्हती तवा अशीच पळत असंल. आन मग चिखलात बैल बसतो तशी बसली. धक्का बी न्हाई बसला. पाणी घ्यायच्या तोंडात चिखल गेला, आमी आग बंद केली."  मग म्हणाले, "टर्बाइन तापल्यालं व्हतं. मी हात लावला फिरवायला. चीफ इंजिनियर म्हणाला, राहू दे रे. आता कशाला?" ते रडले नाहीत. पण एवढं सांगून उठले आणि भर उन्हात मळ्याकडं चालत गेले. येताना जहाजावरचा चमचासुद्धा आणता आला नव्हता, आत होतं ते सगळं विकलेलं होतं.

आणि अशा तऱ्हेनं नवरा घरी आला. चाळिशी उलटून गेली होती. डिझेलच्या जहाजावर जायचं तर मोटरचं तिकीट, म्हणजे डिझेल इंजिन चालवायचं सरकारी सर्टिफिकेट लागतं, त्यासाठी खालच्या जागेवर काही महिने काम करून परीक्षा द्यायची. हे म्हणाले, कालच्या पोरांच्या हाताखाली ग्रीस पुसू? मीही जोर केला नाही. मला तर नवस फेडावा असं झालं होतं. श्रावणातल्या सोमवारी ओतूरच्या कपर्दिकेश्वराच्या तांदळाच्या पिंडी बघायला मी ह्यांना घेऊन गेले. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघं जोडीनं जत्रेत फिरलो. भेळ खाल्ली. मला वाटलं, सुरू झाला संसार.

तो काही सुरू होईना. सुटीवरचा माणूस लाडाचा असतो, त्याचं सगळं खपतं. हा रोजचा होता. मी सतरा-अठरा वर्षं लावलेली घराची घडी हे राउंड मारत विस्कटायला लागले. डब्यांच्या जागा बदलल्या. पाण्याच्या टाकीला, गॅसला, दिव्याच्या बटणांना रंगाच्या पट्ट्या मारल्या. वीज पाळीनं यायची, रात्रीची आली की सगळा गाव कपाळाला हात लावायचा, हे मात्र आनंदानं बॅटरी घेऊन निघायचे. हळूहळू चार मळेकऱ्यांनी आपलं रात्रीचं पाणी ह्यांच्याच गळ्यात घातलं. "भाऊला झोप न्हाई, आपल्याला वेळ न्हाई," असं तोंडावर म्हणायचे. मी चिडायचे. ते म्हणायचे, "मला बसवत न्हाई. मी काय करू?" मला ते टर्बाइन आठवायचं, हळूहळू फिरवत ठेवायचं. त्यांना फिरवत ठेवायला मी कामं शोधून द्यायचे. पण सबंध दिवस एखाद्या माणसाला कामं शोधून देणं हेच एक काम होऊन बसतं. कुणी म्हणेल, नवरा घरी असल्याचं काय दुःख? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

त्यात दिवाळीनंतर मंचरहून नणंद आणि तिचे मालक जेवायला आले. माझी मुलगी तेव्हा पुण्याला कॉलेजात होती, तिच्यासाठी एक स्थळ सुचवायला म्हणून मुद्दाम आले होते. मी मटण कुकरला लावलं आणि पानं मांडायला बाहेर गेले. एवढ्यात हे कधी आत गेले कळलं नाही. पानात मटण वाढलं, तर पाहुण्यांच्या दाताला चामड्यासारखं. नणंदेचे मालक बिचारे गालातल्या गालात एकच तुकडा फिरवत राहिले. नणंद म्हणाली, "वैनी, घाई झाली व्हय?" मी आत गेले, ह्यांना खुणेनं बोलावलं आणि दबक्या आवाजात, पण जेवढं म्हणून साठलं होतं तेवढं सगळं बोलले. शेवटी मी म्हटलं, "जहाजावर व्हता तवा बरं व्हतं." तेही बाहेर ऐकू गेलं असणार. हे बाहेर गेले आणि पाहुण्यांना आग्रह करकरून भाकरी वाढत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. मुंबईचा माणूस, जहाजांना माणसं पुरवणारा. गॅस वाहणारी मोठी जहाजं अजून वाफेवर चालतात, त्यांना वाफेचं तिकीट असलेले इंजिनियर हवेत, आणि आता ते शोधूनही मिळत नाहीत. साहेब येतील का? माझा राग अजून शमला नव्हता. हात पिठाचे होते. मी म्हटलं, "येतील. मेडिकलला कधी पाठवू?" त्यानं नंबर दिला, मी तो कॅलेंडरवर लिहिला. फोन ठेवला आणि मला एवढं हलकं वाटलं की सांगता सोय नाही. सगळे डबे मनातल्या मनात आपापल्या जागी परत गेले.

मागं वळले तर हे दारात. मळ्यातून आलेले, पाय चिखलाचे, हातात फावडं.

"कोण व्हतं?"

मी सांगितलं. वाफेची जहाजं, गॅसची, माणसंच मिळत नाहीत, तुमचंच काम, हो म्हणून टाकलं मी. सांगताना माझ्याच आवाजातला आनंद मला ऐकू येत होता. मला वाटलं, आता ह्यांचा चेहरा उजळेल. ते फावडं भिंतीला टेकवून उंबऱ्यावर बसले.

"मला वाटलं व्हतं, तू न्हाई म्हणशील," ते म्हणाले.

मी म्हटलं, "तुमचं मन कुठं लागतंय हितं? दिवसभर फिरताय नुसते."

"न्हाई लागत. पण मी लावतोय. तुला काय वाटलं, मी जहाजासाठी झुरतोय? जहाज गेलं, मी हातानं आग बंद केली त्याची. मला घरी ऱ्हायाला येत न्हाई, कारण मी कधी राहिलोच न्हाई. अठरा वर्सं पावण्यावानी आलो आन गेलो. आता घरचा व्हयाचं म्हणतोय, तर त्याला येळ लागंल. तू दर येळी फाट्यावर म्हणायचीस, ऱ्हावा घरी. मी त्याच्यावर इसंबून राहिलो." मग खाली बघत म्हणाले, "तुला मी नकोच झालो असंन तर तसं सांग. तर जातो."

 मला नवरा घरी हवा होता, हे खरं. पण मला हवा होता तो कोंबडं कापून खाणारा, चार दिवस कौतुकाचा. हा जो समोर बसला होता चिखलाचे पाय घेऊन, कानात पांढरे केस आलेला, मटण कच्चं ठेवणारा, ह्याला मी अजून हो म्हटलंच नव्हतं. लग्नात म्हटलं होतं ते दुसऱ्याच कुणाला तरी. आणि तो जायला तयार होता. मी एक शब्द बोलले असते तर त्यानं उठून बॅग काढली असती. 

मी पिठाचा हात पदराला पुसला, कॅलेंडरवरचा नंबर बघून फोन लावला. तो माणूस म्हणाला, "काय झालं मॅडम? आत्ताच तर बोललो."

"ते येणार न्हाईत," मी म्हटलं.

"अहो, असा चान्स परत येत नाही. साहेब नको म्हणाले का?"

हे उंबऱ्यावरून माझ्याकडं बघत होते.

"न्हाई," मी म्हटलं. "त्यांनी न्हाई. मी नको म्हणतीय."